मेहमान म्हणजे गिऱ्हाईक

ताश्कंदची हकीकत माझ्या तोंडून ऐकली नाही, असं आमच्या ओळखीत आता फारसं कुणी उरलेलं नाही. घरी कुणी आलं आणि शोकेसमधल्या निळ्या-पांढऱ्या टी-सेटकडे त्यांची नजर गेली, की मी सुरू होते. आईनं मेट्रोच्या पायऱ्यांवर चपला काढल्या ते, त्या म्हातारीचे सोन्याचे दात, गाजराचा किस्सा — सगळं क्रमानं, हातवारे करून. लोक हसतात. मलाही सांगायला आवडतं.

पण त्या दिवसातला दुपारचा एक तुकडा मी दरवेळी गाळते. इतक्या सफाईनं गाळते, की तिथं सांधा आहे हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. नवऱ्याला सांगितलेला नाही. सुनीताला नाही — ती माझ्याबरोबर कॉलेजात शिकवते, त्या सहलीत होती, त्या दिवशी त्याच शहरात होती. आईला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आईला कधी भेटणार नाही म्हणून असेल. किंवा — असू दे. कारणं शोधत बसले तर सांगायचं पुन्हा राहून जाईल, आणि मला माझी ही खोड माहीत आहे.

मी सांगलीत ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. माहेर आटपाडीच्या बाजूला, माळावरच्या एका वस्तीवर. आता तिथं डाळिंबाची बाग आहे, ठिबक आहे, भावाचं चांगलं घर आहे. पण माझ्या लहानपणी आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की आई-वडील मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला, उसाच्या पट्ट्यात जायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. लेंडीखत मिळावं म्हणून तिकडचे बागायतदार आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलवायचे. त्याबद्दल धान्य द्यायचे. माणसं वाईट नव्हती. पण मेंढरांना रानात बोलावणारे पुष्कळ आणि आम्हाला ओसरीवर बोलावणारे थोडे, असं आई म्हणायची. ज्यांनी 'या, बसा, च्या घ्या' म्हटलं त्या घरांची नावं तिला अजून पाठ आहेत. गाव, आळी, बाईचं नाव, चहा कशात दिला — सगळं. हे लक्षात ठेवा. मी त्या दिवशी ठेवलं नाही.

लहानपणी मी तिला आय म्हणायचे. सांगलीला शिकायला आले आणि कधीतरी, न ठरवता, त्या आयची आई झाली.

सहल आमच्या कॉलेजातल्या लोकांची होती, दिवाळीच्या सुट्टीतली. माझ्याबरोबर नवरा येणार होता, पण त्याचं रजेवरून फिसकटलं. आईचा पासपोर्ट होता. धाकटा भाऊ दुबईत नोकरीला आहे, त्याच्याकडे जायचं म्हणून काढलेला, आणि मग गेलीच नव्हती. मी सहज विचारलं, "येतेस का?" मला वाटलं, नाही म्हणेल.

"कुटं?" तिनं विचारलं.

"ताश्कंदला."

"तितं मेंढरं हायत का?"

"असतील की. खूप असतील."

"मग येते," म्हणाली.

ताश्कंदमधला तो दिवस रविवारचा होता. रविवार म्हणजे म्हसवडच्या सिद्धनाथाचा वार, त्यामुळे आई मटण खाणार नव्हती, आणि त्या शहरात तर जिकडं तिकडं मटणच. सकाळी सगळ्यांनी मिळून चौक, पुतळे, मोठी निळ्या घुमटाची इमारत असं बघून झालं. मग गाईडनं संध्याकाळपर्यंत मोकळं सोडलं. सुनीता म्हणाली, "मंगल, दुपारी टी-सेटच्या दुकानात जाऊ या. तो कापसाच्या बोंडांचा सेट मला घ्यायचाच आहे." मलाही घ्यायचा होता. तिथल्या प्रत्येक हॉटेलात तोच — गडद निळा, त्यावर पांढरी बोंडं, सोनेरी कड. दुपारी अमुक मेट्रो स्टेशनवर भेटायचं ठरलं, सुनीता संग्रहालयाकडे गेली आणि मी आईला घेऊन बाजारात निघाले.

मेट्रोच्या पायऱ्यांवर आई थांबली. खाली झुंबरं लखलखत होती, भिंतींवर चित्रं, फरशी इतकी स्वच्छ की आपलंच तोंड दिसावं. तिनं वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

"अगं, हे स्टेशन आहे," मी म्हटलं.

"आसंना. येवडं झाडून-पुसून ठिवलंय त्येनी."

मग माझ्या आग्रहाखातर घातल्या, पण उतरली मात्र हळूहळू, भिंतीच्या कडेकडेनं.

तो बाजार काय सांगू तुम्हाला! एका मोठ्या घुमटाखाली गोल-गोल ओळी. एकीकडे नुसते मसाले, एकीकडे सुकामेवा, एकीकडे दह्याचे वाळवलेले खारट गोळे. आईनं तो गोळा तोंडात टाकला, गालात धरला आणि अर्धा बाजार होईपर्यंत चघळत राहिली. भट्टीच्या आतल्या भिंतीला थापून भाजलेल्या गोल रोट्या होत्या, मधोमध नक्षी उठवलेल्या. मी एक घेतली आणि पालथी ठेवली, तर विकणाऱ्या बाईनं ती लगेच सुलटी केली. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "दिसलं का? भाकरीला मान हाय हितं."

आणि मग तिला तिचा खेळ सापडला. रोटीला ती बाई 'नोन' म्हणाली, म्हणजे नान. पुढं एकजण 'पियोज, पियोज' ओरडत होता, त्याच्यासमोर कांद्याचा ढीग. आई जागच्या जागी उभी राहिली. "प्याज म्हनतोय न्हवं त्यो?" डाळिंबाच्या ढिगापाशी तर तिनं त्या माणसालाच विचारलं, "अनार?" तो म्हणाला, "अनोर, अनोर." आमच्या बागेत माल घ्यायला हिंदी बोलणारे व्यापारी येतात, त्यांच्याकडून तिनं हा शब्द उचललेला. तिचं तोंड असं फुललं, की त्या माणसानं एक डाळिंब फोडून तिच्या हातावर दाणे ठेवले.

"मंगल, ही आपलीच भाषा हाय गं," ती म्हणाली. "जरा तोंड वाकडं करून बोलत्यात, येवडंच."

त्यानंतर ती मला काही विचारेना. कान टवकारून चालली होती आणि सापडेल तो शब्द मला आणून दाखवत होती. चोय म्हणजे चहा. बोझोर म्हणजे बाजार. मागून एका पोरगेल्या माणसानं हाक मारली, "आया!" तशी आईच वळली. तो त्याच्या आईला बोलवत होता. "बग," ती म्हणाली, "हितंबी आयला आयच म्हनत्यात." माझ्याकडे मात्र तिनं बघितलं नाही. मुद्दाम का? माहीत नाही. मला ते लागलं एवढं खरं.

भाजीच्या ओळीत तिची एकदा फजिती झाली. तिनं सगळ्या भाजीपाल्यावरून हात फिरवत ऐटीत विचारलं, "सब्जी?" बाईनं तिच्या हातात एक पिवळं गाजर ठेवलं. "सब्जी," म्हणाली. आईनं पालकाकडे बोट दाखवलं. बाईनं मान हलवली आणि पुन्हा गाजराकडे बोट केलं. आई हसून हसून खाली बसायची राहिली. "आक्क्या भाजीचं नाव एकट्या गाजरानं बळकावलं व्हय?" मी मग तिला समजावून सांगितलं — शिक्षक ना मी — की शब्द गाव बदलतात तसे अर्थही बदलतात, इकडे एक, तिकडे भलतंच. ती लक्ष देऊन ऐकत होती. माझं म्हणणं खरंही होतं. त्याचा पुढे मी काय उपयोग केला ते सांगते आहे.

मटणाच्या दालनात तिला जायचं नव्हतं, वार होता; पण दारातून पांढरे, मोठे, गादीसारखे गोळे टांगलेले दिसले आणि तिला राहवेना. हे काय? खाटकानं स्वतःच्या पाठीमागे, कमरेखाली दोन्ही हात धरून हलवून दाखवलं. मी फोनवर शोधलं. तिथल्या मेंढ्यांना मागे चरबीचं एवढं मोठं गाठोडं असतं, चालताना डुलतं. फोटो दाखवला. आईनं फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"ह्ये जित्तं बगाय पायजे," ती म्हणाली. "चालतं कसं त्ये? आन कोकराला पाजतं कसं?"

सगळ्या सहलीत तिनं बोलून दाखवलेली इच्छा ही एकच. जेवायला काय हवं, काय विकत घ्यायचं — कशालाच तिनं कधी 'पायजे' म्हटलं नव्हतं.

आता तो तुकडा.

बाजाराच्या बाहेरच्या अंगाला काही म्हाताऱ्या बसल्या होत्या, लोकरीचे मोजे, टोप्या, पट्टे समोर मांडून. त्यातली एक नुसती विकत बसली नव्हती. गिऱ्हाईक नसताना चातीवर लोकरीचं सूत काढत होती. फुलाफुलांचा झगा, डोक्याला रुमाल. आई तिच्यासमोर उकिडवी बसली. विचारलं नाही, सवरलं नाही. लोकर हातात घेतली, हुंगली. म्हातारीनं तिच्याकडे बघितलं आणि हातातली चाती सरळ तिच्या पुढ्यात धरली. आईनं गिरकी दिली. सूत तुटलं. दोघी हसल्या आणि म्हातारीचे दात चमकले. एकजात सोन्याचे.

"बया, दागिना त्वांडात ठिवलाय," आई म्हणाली.

म्हातारीची सून शेजारी बसली होती. तिला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. म्हणजे म्हातारी सुनेला सांगणार, सून मला, मी आईला, आणि तसंच उलटं. अशी आमची साखळी सुरू झाली. तुमची मेंढरं आहेत का? होती, आता नाहीत. कुठं चारायला नेत होता? लांब, चालत. किती लेकरं? ही एक मुलगी आणि दोन मुलगे. नवरा? नाही आता. माझाही नाही. असं चाललं होतं. खरं सांगू? थोड्या वेळानं त्या दोघी माझ्यासाठी थांबेनाशा झाल्या. आई मराठीत बोलत होती, म्हातारी तिच्या भाषेत, मध्ये चाती होती, हात होते, आणि त्यांचं भागत होतं. म्हातारीनं आईचा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता. आईनं तो ठेवू दिला. माझ्या आठवणीत आईनं असा हात कुणाच्या मांडीवर ठेवलेला नाही, माझ्याही नाही.

मी घड्याळ बघत होते. सुनीता स्टेशनवर येऊन उभी राहिली असेल, असं मनात चाललं होतं.

तेवढ्यात म्हातारी सुनेला काहीतरी भराभर सांगायला लागली. मध्येच आईकडे वळून, छातीवर हात ठेवून म्हणाली, "मेहमोन. मेहमोन." सून मला इंग्रजीत म्हणाली: आमचं घर शहराबाहेर आहे, मेंढ्या तिथंच आहेत. या आठवड्यात लोकर कातरायचं चाललंय. माझा नवरा आता गाडी घेऊन येईल. तुम्ही दोघी आमच्याबरोबर चला. सासूबाई म्हणतात, जेवल्याशिवाय सोडणार नाही. संध्याकाळी हॉटेलवर आणून सोडतो.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. ती काय म्हणतेय ते कळायची वाट बघत होती.

मी सुनेला इंग्रजीत सांगितलं, माझ्या आईचे गुडघे फार दुखतात, डॉक्टरनी गाडीचा प्रवास मना केलाय.

आणि आईला सांगितलं, "आवरायची वेळ झाली त्यांची. आता निघतो म्हणताहेत."

दोन वाक्यं. इतक्या सहज आली, की मीच चकित झाले. भीती नाही, अडखळणं नाही. वर्गात धडा सांगावा तशी.

सुनेनं सासूला सांगितलं. म्हातारी कळवळली. खाली वाकून आईचे दोन्ही गुडघे दाबायला लागली, तोंडानं च्च-च्च करत. आणि आई म्हणजे ती बाई, जी घाट उतरून कृष्णाकाठापर्यंत मेंढरांमागं चालत जायची, जिला गुडघे आहेत हे तोवर कुणाला माहीतही नव्हतं. आई गोंधळून कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती. मग म्हातारीनं समोरच्या मालातला लोकरीचा एक रुंद पट्टा उचलला, आईच्या गुडघ्याला लावून मापला आणि तिच्या हातात कोंबला. आईनं कनवटीला हात घातला, तर तिनं तो हात धरून दूर सारला. घेतलंच नाही काही.

आम्ही उठलो. मी पुढे, आई मागे. वळून बघितलं तर आई वळून बघत होती.

मेट्रोत बसल्यावर तिनं पट्टा मांडीवर पसरला. बराच वेळ बोटांनी लोकर चाचपत राहिली. मग विचारलं, "माजं गुडगं का दाबत हुती गं ती?"

"तशी पद्धत असेल," मी म्हटलं.

एक स्टेशन गेलं.

"मंगल, ती मेहमान म्हनत हुती. मेहमान म्हंजे पावनंच न्हवं?"

इथंपर्यंतचं मी माफ करून टाकलं असतं — म्हणजे माझं मीच. माणूस कंटाळतो, घाईत असतो, एखादं आमंत्रण टाळतो. पण इथं तिनं मला सरळ विचारलं होतं. तिच्या स्वतःच्या कानानं ऐकलेला, बरोबर ओळखलेला शब्द तिनं माझ्यापुढे ठेवला होता आणि मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. गाडी पुढच्या स्टेशनवर थांबली असती, आम्ही उलट फिरलो असतो, ती म्हातारी अजून तिथंच असती. तेही सोडा. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी तिला एवढं तरी कळलं असतं, की परमुलखातल्या एका बाईनं आपल्याला पाव्हणी म्हणून घरी बोलावलं होतं. तिच्या त्या नावांच्या यादीत आणखी एक घर आलं असतं.

मी म्हटलं, "नाही गं. ते सब्जीसारखंच आहे. आपल्याकडे मेहमान म्हणजे पाहुणा. इकडं मेहमान म्हणजे गिऱ्हाईक."

"आसं व्हय," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मग पैसं का घेतलं न्हाईत?"

"रिवाज आहे त्यांचा. दिवसाच्या शेवटच्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेत नाहीत."

हे कुठून आलं? देवाशपथ सांगते, मला आजही कळत नाही. एवढी कल्पनाशक्ती माझ्या अंगात आहे हे मला ठाऊक नव्हतं. आणि तिनं मान हलवली. का नाही हलवणार? इंग्रजीची प्राध्यापक तिच्या शेजारी बसली होती.

गंमत पुढेच आहे. टी-सेटच्या दुकानात आम्ही शिरलो, सुनीता स्टेशनवर वाट बघून आधीच आत गेली होती, आणि दुकानदार हात पसरून म्हणाला, "मेहमोन! मेहमोन!" त्याची आपली आदबीची रीत. आईनं माझ्याकडे बघून समजूतदारपणे मान डोलावली. "बराबर हाय तुजं," म्हणाली. "गिराईक." त्या क्षणी मला हसू आलं होतं. आता येत नाही, पण तेव्हा आलं होतं, हेही सांगून टाकते.

मी सेट निवडला. दुसऱ्या दिवशी आम्ही समरकंदला गेलो. तिथं गल्लोगल्ली तेच सेट होते, तीच बोंडं. म्हणजे टी-सेटसाठी केलं असंही म्हणता येत नाही. मग कशासाठी? तिचा हात त्या बाईच्या मांडीवर बघून? सहलीतल्या लोकांना मी फक्त डाळिंबाची बाग सांगितली होती, मेंढरं कधी सांगितली नव्हती, म्हणून? की दिवसभर माझ्यावाचून तिचं भागत होतं, ते मला खपलं नाही? मी या तिन्ही गोष्टी पुष्कळदा तपासून बघितल्या आहेत. प्रत्येकीत थोडं तथ्य आहे आणि एकीनंही काही सुटत नाही.

त्या संध्याकाळी जेवताना वाढप्यानं विचारलं, "चोय?" बाजारात तिनं तो शब्द स्वतः ओळखून मला दाखवला होता. आता ती माझ्याकडे वळली. हळू आवाजात म्हणाली, "च्याच म्हनतोय ना गं? का दुसरं कायतरी?"

मी म्हटलं, "चहाच."

त्यानंतर सहल संपेपर्यंत तिनं एकही शब्द आणून दाखवला नाही. कान टवकारणं थांबलं. कुणी काही बोललं की ती माझ्याकडे बघायची.

त्याला आता काही वर्षं झाली. आई परत आल्यावर वस्तीवरच्या बायकांना सगळं सांगायची, आणि शेवटी म्हणायची, "मान्सं लय चांगली. पर घरी या म्हनत न्हाईत. एक हुती, लय जीव लावला तिनं, तीबी म्हनली न्हाई. त्यास्नी ती रीतच नसंल." एकदा मी तिथं असताना एका नातेवाईक बाईनं तिला टोकलं, म्हणाली, आवं आत्ती, मेहमान म्हंजी पावनं, टीव्हीत सारखं म्हनत्यात की. आई ठाम होती. "त्ये हिकडं. तिकडं मेहमान म्हंजे गिराईक. माज्या लेकीला इचार." त्या बाईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो. तिकडं तसंच आहे."

बाजारात, मेट्रोत आणि आता इथं. तिसऱ्यांदा.

आणि जे मला सगळ्यात विचित्र वाटतं ते आता. बागेतला माल व्यापाऱ्याला गेला की बारकी, डागी डाळिंबं मागं उरतात. आई ती घेऊन रस्त्याकडेला, कडुनिंबाखाली बसते. घरात बसवत नाही म्हणून. भिवघाटाकडून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबतात. आणि दिवस मावळताना, पाटी आवरायच्या वेळी जो कुणी शेवटचा येईल त्याच्याकडून ती पैसे घेत नाही. कुणी विचारलं तर सांगते, ताश्कंदात असा रिवाज हाय. आता रोजच्या येण्या-जाण्यातल्या लोकांना ते माहीत झालंय. ट्रॅक्टरवरून जाणारी माणसं ओरडून विचारतात, "आवं आत्ती, आजचा मेहमान झाला का कोन?" त्या चार वाड्या-वस्त्यांत मेहमान या शब्दाचा खरोखरच तसा अर्थ झाला आहे. शेवटचं गिऱ्हाईक. मी एका मेट्रोत, दोन स्टेशनांच्या मध्ये तयार केलेला.

तिचं त्यात काही बिघडलं नाही, असं तुम्ही म्हणाल. सुनीतालाही कडुनिंबाखालचा रिवाज मी रंगवून सांगितला, तर ती म्हणाली, किती गोड. गोड आहेच. आईनं त्या बाईचं देणं आपल्या परीनं चालू ठेवलंय. फक्त ते देणं कशासाठी होतं, ते तिला माहीत नाही. लोकरीचा पट्टा ती अजून वापरते. गुडघे आता खरंच दुखतात.

परवा मी गेले होते. आटपाडीत एका लग्नाला आले होते, परत फिरताना वाटेत थांबले. दिवस बुडत होता. आई पाटी आवरत होती. कुणी थांबलेलं नव्हतं, रस्ता मोकळा होता. मी गाडी बंदही केली नव्हती, कारण सांगलीला पोचायचं होतं.

"घरला येतीस?" तिनं विचारलं. "भाकरी टाकते."

"नको, उशीर होईल. पुढच्या वेळी."

तिनं पाटीतून दोन डाळिंबं उचलली, पदरानं पुसली आणि खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. मी पर्सकडे हात नेला. का नेला? स्वतःच्या आईसमोर पर्सकडे हात? सवयीनं गेला असेल. तिनं माझा हात धरला आणि बाजूला सारला, अगदी त्या म्हातारीनं सारला होता तसा.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "आजची मेहमान तूच."

यातला कुठला अर्थ तिच्या मनात होता, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं मलाच विचारलं असतं, की तूच सांग, काय म्हनत्यात त्येला. मी डाळिंबं शेजारच्या सीटवर ठेवली आणि गाडी सांगलीच्या रस्त्याला घातली.